चार नंबरच्या सिस्टर

पाईकराव सिस्टरांचं घर नेमकं कोणतं, हा प्रश्न आमच्या इमारतीत काही वर्षं लोंबकळत होता. त्या स्वतः चार नंबरच्या दारातून ये-जा करत, दारावर त्यांच्याच नावाची पाटी होती, विजेचं बिलही त्यांच्याच नावानं येई. तरी प्रश्न होता. तो सुटला त्या दिवशी मी तिथं हजर होते, त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर. पण तो कसा सुटला असं कुणी विचारलं, तर आजही मला धड सांगता यायचं नाही.

हिंगोली जिल्हा झाली आणि गावात नोकरदारांची रीघ लागली. त्याआधी आमच्याकडे कोणाच्या डोक्यावर कोणी राहत नसे. ज्याचं घर त्याची गच्ची, इतका साधा हिशेब. मग एका बिल्डर शेठनं औंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला तीन मजल्यांची, सहा घरांची इमारत बांधली. तळमजल्यावर एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला शेठनं स्वतःचं ऑफिस ठेवलेलं. वरच्या मजल्यावर तीन नंबरमध्ये पाटबंधाऱ्याचे वाबळे, चार नंबरमध्ये सिस्टर. आणि सिस्टरांच्या डोक्यावर उर्दू शाळेतले शेख सर आणि त्यांची बायको शमीमभाभी. त्यांच्या समोरचं पाच नंबर शेठकडेच, भाड्यानं दिलेलं. मी शाळेत मराठी शिकवत होते, त्यामुळे कोणताही कागद आला की तो वाचायला माझ्याकडे येई. सिस्टरांच्या प्रकरणात माझा संबंध आला तो एवढाच.

सिस्टर मूळच्या हट्टा गावाकडच्या. सगळी नोकरी या भागातल्या दवाखान्यांत, खेड्यापाड्यांतल्या उपकेंद्रांत गेली. लग्न झालं होतं का, झालं असेल तर पुढं काय झालं, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. नांदेडला एक भाची होती, एवढं ठाऊक होतं. अंगानं किरकोळ, रंगानं काळ्यासावळ्या, चालणं भरभर. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. नाडी मोजायची सवय, ती निवृत्तीनंतरही गेली नाही. कोणाच्याही घरात शिरल्या की आधी मोरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुणार, मग बसणार. बसायच्या त्या खुर्चीच्या कडेवर, जणू आत्ता कोणीतरी हाक मारील आणि उठावं लागेल. आवाज मात्र मोठा. बाळंतिणींना धीर द्यायला कमावलेला.

बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे परीक्षा. चांगल्या मिशीवाल्या माणसाला थांबवून मला सांगायच्या, "मॅडम, हे पोरगं माझ्या हातचं. पायाळू होतं. त्याच्या मायनं दोन दिवस तकलीफ काढली." तो बिचारा मोटरसायकलवर बसल्या बसल्या लाजून मान खाली घालायचा.

आणि त्यांचा तो प्रश्न. तुम्ही काहीही तक्रार सांगा, सिस्टर आधी विचारणार, "कधीपासून?" एकदा माझे यजमान तावातावानं सांगायला गेले की जिन्यातला बल्ब कोणीतरी काढून नेला. सिस्टरांनी शांतपणे विचारलं, "कधीपासून?" यजमानांना आठवेना. "मग तुमी नीट पाह्यलं न्हाई," एवढं बोलून त्या भाजी निवडायला लागल्या.

स्वतःच्या घराचं मात्र त्यांना फार अप्रूप होतं. बदल्यांच्या नोकरीत जन्म सरकारी क्वार्टरमध्ये गेला होता. कुठं पत्रा, कुठं कौल, आणि सगळीकडे गळतीखाली पातेली मांडायची सवय. चार नंबरची किल्ली मिळाली त्या दिवशी त्यांनी दक्षिणेकडच्या भिंतीवरून तळहात फिरवला आणि मला म्हणाल्या, "पाहा मॅडम, कोरडी ठणठणीत." त्याच भिंतीवर बुद्धाची मोठी तसबीर लावली. खाली लोखंडी कपाट.

चार-पाच महिन्यांत त्या भिंतीला ओल आली.

आधी तसबिरीच्या मागं पोपडा दिसला. मग तिच्या चौकटीतलं लाकूड फुगलं. सिस्टरांनी तसबीर दुसरीकडे लावली, तर ओल तिच्या मागोमाग सरकत गेली. कपाटातल्या साड्यांना बुरशीचा वास यायला लागला. त्या खालच्या ऑफिसात गेल्या. शेठ गोड माणूस, खुर्ची दिली, चहा मागवला.

"बाई, नवी बिल्डिंग हाय. दोन वर्षं घाम येतच राह्यतो तिला."

"घाम एकाच भिंतीला काहून येतो?"

"ती तुमच्या वरच्या बाथरूमची भिंत असंल. त्यान्ला विचारा."

इथून बिघडायला सुरुवात झाली. सिस्टर शेख सरांकडे गेल्या. सर भला माणूस. त्यांनी बाथरूमची फरशी काढून खाली गिलावा करून घेतला. ओल थांबली नाही. सहा महिन्यांनी पुन्हा फरशी काढली. तरी थांबली नाही. मग मात्र शमीमभाभींचा तोल गेला. जिन्यात उभ्या राहून त्या म्हणाल्या, "दो बार फ़र्श तोड़ा, सिस्टर! अब क्या छत निकाल के दूँ?" सिस्टरही त्यांच्या त्या आवाजात काहीबाही बोलल्या. त्यानंतर वर्षभर दोघींचं बोलणं बंद. ईदेला शिरखुर्म्याचा डबा आमच्याकडे आला, वाबळ्यांकडे गेला, चार नंबरला वळसा घालून गेला. सिस्टर दारात उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "बराबर हाय त्यांचं. पण पाणी तर येऊनच राह्यलं ना?"

पाणी कुठून येतं हे त्यांना कळत नव्हतं, आणि न कळणं त्यांना सोसत नव्हतं. नोकरीत त्यांच्या हाताखालून शेकडो माणसं गेली, पण दुखणं कुठलं हे त्यांना बहुतेक वेळा उमगे. इथं भिंत काही बोलत नव्हती. त्या रोज सकाळी तिच्यावर पेन्सिलनं ओलीची कड आखायच्या आणि शेजारी तारीख लिहायच्या. दोन पावसाळ्यांत ती भिंत समुद्राच्या नकाशासारखी दिसायला लागली. एक दिवस मला बोलावून म्हणाल्या, "मॅडम, हे पाहा. पाऊस पडला की ओल येत न्हाई. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी येते. आन् उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी भरून वाह्यली, तवा बी आलती. बाथरूम तर रोजच वापरतात की. मग ओल रोज काहून न्हाई?"

मी म्हटलं, "म्हणजे शेख सरांची चूक नाही?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुठून तरी जखमा धुवायचं ते जांभळं औषध आणलं, पोटॅशियम परमँगनेट. आणि वर्षभरानंतर पहिल्यांदा वरचा जिना चढल्या. मला सोबत नेलं, बहुधा भाभींना एकटीनं तोंड देववेना. भाभींनी दार उघडलं, पण बाजूला झाल्या नाहीत.

"भाभी, मला तुमच्या बाथरूममध्ये हे टाकू द्या. जांभळं पाणी माझ्या भिंतीवर आलं तर तुमचं. न्हाई आलं तर मी इथंच तुमच्या दारात माफी मागते."

बाथरूमच्या फरशीवर दोन बादल्या जांभळं पाणी ओतलं. चार दिवस आम्ही सगळे त्या भिंतीकडे बघत होतो. काही आलं नाही. पाचव्या दिवशी सिस्टर वर गेल्या आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या, "माझं चुकलं. वर्षभर तुमाला चोर ठरवलं." भाभींनी त्यांचा हात धरून आत ओढलं. दोघी रडल्या का, हे मी सांगू शकत नाही. मी जिन्यातच थांबले होते. पण खाली येताना सिस्टरांच्या हातात एक डबा होता आणि चेहरा समाधानाचा नव्हता. "मग कुठून येऊन राह्यलं?" हाच प्रश्न त्या पायऱ्या उतरताना स्वतःलाच विचारत होत्या.

मग त्यांनी तेच औषध गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याच्या भोकात ओतलं आणि वर पाच-सहा बादल्या पाणी. दुसऱ्या दिवशी दुपारी दक्षिणेच्या भिंतीवर जांभळट तपकिरी डाग उमटला, ताटाएवढा. सिस्टरांनी सगळ्यांना बोलावून दाखवला. शेठही आले. बराच वेळ डागाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे तुमीच लावलं नसंल कशावरून?"

त्या आठवड्यात सिस्टरांनी ग्राहक मंचात अर्ज केला.

मंचाच्या तारखांना मी त्यांच्याबरोबर जात असे. कागद वाचायला. आमचा वकील तरुण, उत्साही. त्याला वाटलं होतं, दोन-तीन तारखांत निकाल लागेल. पण तिसऱ्या तारखेला शेठचा वकील उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, या बाई ज्या घराच्या ओलीची तक्रार करतात, ते घर यांचं नाहीच."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आधी शेठच चमकले, असं मला वाटलं. वकिलानं सिस्टरांच्या खरेदीखताची प्रत पुढं केली. घर नंबर चार, हे बरोबर. पण चतुःसीमा वाचून दाखवल्या. पूर्वेस रस्ता, दक्षिणेस जिना आणि तीन नंबरचं घर, उत्तरेस मोकळी जागा. "या राहतात त्या घराच्या उत्तरेला जिना आहे. दक्षिणेला शेजाऱ्याचं गोदाम आहे. कागदातलं घर वेगळं, राहायचं घर वेगळं. नंबर आणि चतुःसीमा यांच्यात फरक पडला तर चतुःसीमा धरतात."

अध्यक्षांनी विचारलं, "मग यांचं घर कोणतं?"

वकील म्हणाला, "कागदानं, समोरचं."

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या वेळी त्यांनी माझं दार वाजवलं. हातात खरेदीखत. "मॅडम, गच्चीवर चला." वर गेल्यावर त्या उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, मनगट वळवून घड्याळ पाहिलं, का ते माहीत नाही, आणि म्हणाल्या, "वाचा."

मी वाचलं, "पूर्वेस रस्ता."

समोर हरभऱ्याचं शेत होतं. रस्ता आमच्या पाठीमागं.

"पुढं?"

"दक्षिणेस जिना."

जिना त्यांच्या डाव्या हाताला होता, म्हणजे उत्तरेला. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, थोडा वेळ पाहिला आणि उलटा धरला. मग पुन्हा इकडंतिकडं पाहिलं.

"मॅडम, असा उलटा धरला की बराबर येतंय बघा."

आणि खरंच येत होतं. पुढं चौकशी केल्यावर उलगडलं. इमारतीचा नकाशा मंजूर झाला तेव्हा पूर्वेला एक नवीन रस्ता होणार होता. तो काही झाला नाही. मग शेठच्या माणसांनी नकाशा जसाच्या तसा फिरवला आणि दर्शनी बाजू पश्चिमेच्या जुन्या रस्त्याला आणली. इमारत फिरली, कागद फिरले नाहीत. दारावरचे नंबर नकाशाबरहुकूम, चतुःसीमाही नकाशाबरहुकूम, फक्त सूर्य दुसरीकडून उगवत होता. सहाही घरांचं तेच झालं होतं. माझ्या खरेदीखतानं मी शेठच्या ऑफिसाची मालकीण होते. आम्ही त्यावर हसलो. पण एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. कागदानं वाबळ्यांचं कोरडं घर सिस्टरांचं होतं, आणि सिस्टरांची ओली भिंत वाबळ्यांची.

आमचा वकील खूश झाला. "सिस्टर, आता ओलीचं सोडा. सरळ ताब्याचा दावा लावू. कोरडं घर तुमचं आहे."

वाबळे वाईट माणूस नव्हता. पाटबंधाऱ्यात साधी नोकरी, बायको, आणि अंथरुणाला खिळलेली आई. म्हातारीला पाठीवर जखमा झाल्या होत्या, आणि पहिल्या दिवसापासून सिस्टर रोज सकाळी जाऊन त्या धुऊन पट्टी करायच्या. कोणी सांगितलं नव्हतं. म्हातारी त्यांना 'माय' म्हणायची, वयानं स्वतः पंधरा वर्षांनी मोठी असून.

मंचातली बातमी ऐकली आणि वाबळ्यांनी दुसऱ्या दिवशी दार उघडलं नाही.

सिस्टर हातात पट्ट्यांचा डबा घेऊन उभ्या. मी शाळेला निघाले होते, जिन्यातच थांबले.

"वाबळे, दार उघडा. आईची पट्टी करायची राह्यली."

आतून आवाज आला, "आज नको, सिस्टर."

"काहून नको? जखम काय मंचाची तारीख पाहून थांबणार हाय का?"

मग दार बोटभर उघडलं. वाबळ्यांचा चेहरा पडलेला. "सिस्टर, रागावू नका. शेठचा वकील म्हणून राह्यला, त्या बाईला घरात घेऊ नका. आत आल्या आन् ताबा झाला म्हणल्या तर मी कुठं जाऊ?"

सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता आवाज चढणार. पण त्यांच्या तोंडावर राग नव्हता. बसस्टँडवर भलत्याच गाडीत बसल्याचं लक्षात यावं तसा चेहरा झाला होता. आतून म्हातारी हाक मारत होती, "माय आली का?"

"मग मी काय लिहून देऊ? सांगा," सिस्टर म्हणाल्या.

आणि वाबळ्यांनी खरंच कागद आणला. सिस्टरांनी दाराच्या चौकटीवर धरून लिहिलं, 'मी आज सकाळी सव्वासात वाजता पट्टी करण्यासाठी आले आहे. घरासाठी नाही.' खाली सही. दवाखान्याच्या रजिस्टरवर करायच्या तशी, आडव्या रेघेवर.

त्यानंतर रोज तसंच. रोज एक चिठ्ठी, वेळेसकट. मला त्या चिठ्ठ्यांची चीड यायची. मी एकदा म्हटलं, "सिस्टर, तुम्ही त्याच्या आईची घाण काढता आणि तो तुमच्याकडून लेखी घेतो?"

"त्याचं बी बराबर हाय. त्यानं घर सोडून कुठं जावं?"

"आणि तुमचं?"

त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मॅडम, तुमाला म्हणून सांगते. काल म्हातारीची पाठ धुऊन राह्यले होते, आन् माझ्या डोक्यात काय चाललं होतं म्हाईत हाय? ह्या भिंतीला कपाट बसंल का, आन् तसबीर कुठं लावावी. तिला दुखलं, ती ओरडली, तवा मला समजलं माझा हात जोरात लागून राह्यला."

त्या हात धुवायला मोरीवर गेल्या. आल्या तेव्हाच धुतले होते, तरी पुन्हा धुतले.

खरं सांगायचं तर सिस्टरांना ते घर हवं होतं. इमारतीत नंतर त्यांच्याबद्दल जे बोललं गेलं त्यात ही गोष्ट कोणी धरली नाही, म्हणून लिहिते. त्या आमच्या वकिलाकडे दोनदा स्वतः गेल्या. ताब्याचा अर्ज टाइप करून आणला. तो उशीखाली ठेवायच्या. आज सही करते म्हणायच्या, उद्या वाबळ्यांच्या आईला बरं वाटलं की करते म्हणायच्या. एकदा मला विचारलं, "घर माझं हाय की न्हाई? तुमी मराठी शिकवता. कागद मराठीत हाय. सांगा." मी म्हटलं, कागदानं तुमचं आहे, पण तुम्ही पैसे दिले, किल्ली घेतली, पाहिलं, निवडलं ते हे घर. "म्हंजे?" त्यांनी विचारलं. म्हणजे काय, हे मलाही माहीत नव्हतं.

मंचाच्या अध्यक्षांनी शेवटी मार्ग काढला. आधी सगळ्या मालकांनी आणि शेठनं मिळून चूक दुरुस्तीचा दस्त करावा, ज्याच्या ताब्यात जे घर ते त्याचं, असं एकदा ठरावं. मग शेठनं पंधरा दिवसांत ओलीचा बंदोबस्त करावा. शेठ तयार झाले. बाकी सगळे तयार झाले. अट एकच, सह्या सगळ्यांच्या हव्यात. एक जरी राहिली तरी दस्त होणार नाही.

म्हणजे सगळं सिस्टरांवर आलं.

वकील घरी येऊन सांगून गेला, "सही केलीत तर कोरड्या घरावरचा हक्क कायमचा गेला. नाही केलीत तर ते तुम्हाला मिळू शकतं. विचार करा." सिस्टरांनी विचारलं, "किती दिवस लागतील?" तो म्हणाला, लागतील काही वर्षं. "तोवर म्हातारी?" तो फाइलची दोरी बांधायला लागला.

पण म्हातारी थांबली नाही. दस्ताची तारीख पडायच्या आधीच ती गेली. सिस्टरांनीच तिला शेवटचं न्हाऊ घातलं. त्या दिवशी वाबळ्यांनी चिठ्ठी मागितली नाही. सिस्टरांनी मात्र सवयीनं पिशवीतलं पेन काढलं आणि मग हातातच धरून उभ्या राहिल्या.

दस्ताच्या दिवशी आम्ही सगळे रजिस्ट्री ऑफिसच्या व्हरांड्यात जमलो. जिल्हा नवा, ऑफिसला जागा जुनी. बाकांवर माणसं, झाडाखाली स्टँपवाले. वाबळे डोक्यावर टोपी घालून आले होते. दहाव्याला केस काढलेले. शेख सर आणि भाभी आले. शेठ आले. कारकुनानं एकेकाला बोलावलं. मी सही केली आणि शेठच्या ऑफिसची मालकी सोडली. शेख सरांनी उर्दू वळणाची सही केली. वाबळ्यांनी सही करण्याआधी दोनदा पेन पुसलं. राहिल्या सिस्टर.

त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. पेन हातात घेतलं. दस्त सावकाश वाचला, अर्ध्यावर थांबल्या आणि कारकुनाला विचारलं, "ह्याच्यावर सही केली की माझं घर ते ओलंच, ना?"

कारकून गोंधळला. "बाई, ओलं-कोरडं कागदात नसतं."

"ते समजलं. मी विचारून राह्यले, सही केली की समोरचं घर गेलं ना?"

"हो."

वाबळे भिंतीला टेकले. म्हातारी आता नव्हती. कोणासाठी थांबायचं कारण उरलं नव्हतं, आणि उशीखालचा अर्ज सिस्टरांच्या पिशवीत होता, मी पाहिला होता. मला वाटलं त्या उठतील. वकील दारात उभा होता, त्यालाही तेच वाटलं असावं, कारण तो पुढं सरकला. सिस्टरांनी वाबळ्यांकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मग माझ्याकडे पाहिलं, काहीतरी विचारायचं असल्यासारखं. आणि त्यांनी सही केली, आडव्या रेघेवर, आणि सवयीनं पुढं वेळ घातली. कारकून म्हणाला, "बाई, वेळ लिहायची नसते इथं." ती खोडावी लागली.

पुढं शेठचे गवंडी आले, दक्षिणेची भिंत फोडली. आतून गच्चीच्या पाण्याचा पाइप निघाला. इमारत फिरवली तेव्हा पाइपची बाजू नेमकी गोदामाच्या भिंतीला येऊन चिकटली, बाहेरून घ्यायला जागाच उरली नाही, म्हणून तो भिंतीत घेतलेला. आणि खालच्या टोकाला तो कुठं बाहेर काढायचं राहूनच गेलं होतं. पहिल्या मजल्यावर, सिस्टरांच्या तसबिरीच्या मागं, तो नुसता संपला होता. त्याच्या तोंडात सिमेंटच्या पिशवीचा बोळा होता. म्हणून पाणी आधी साचायचं आणि मग झिरपायचं. गवंड्यानं बोळा काढून शेठच्या हातात दिला. शेठनं तो उलटसुलट करून पाहिला, जणू त्याच्यावर कोणाचं नाव असेल.

पाइप बाहेर काढला. भिंत वाळली. एक कोपरा मात्र ओलाच राहिला. तो का, हे गवंड्याला कळलं नाही, शेठला कळलं नाही, सिस्टरांनी जांभळं औषधही करून पाहिलं. शेवटी त्या कोपऱ्याकडे स्टूल ठेवलं.

इमारतीत मग एक गोष्ट तयार झाली. वाबळ्यांच्या आईसाठी सिस्टरांनी घर सोडलं, अशी. वाबळे स्वतः ती सांगत, डोळ्यांत पाणी आणून. भाभी सांगत. नव्यानं आलेल्या भाडेकरूंना जिन्यातच ही गोष्ट ऐकवली जाई. सिस्टर समोर असल्या तर कावऱ्याबावऱ्या व्हायच्या आणि भराभर पायऱ्या उतरायच्या.

माझी बदली वसमतला झाली आणि आम्ही ते घर सोडलं. त्यानंतर सिस्टर एकदाच दिसल्या. मी औंढ्याच्या बसस्टँडवर वसमतच्या गाडीची वाट बघत उभी होते. हिंगोलीची गाडी निघायच्या बेतात होती, आणि खिडकीत त्या बसल्या होत्या. केस पार पांढरे. मला पाहून त्यांनी खिडकीची काच सरकवली. मी धावत खिडकीखाली जाऊन उभी राहिले. शिरड शहापूरला कोणाच्या तरी लेकराला बघायला गेल्या होत्या. घर कसं आहे विचारलं, तर म्हणाल्या, "हाय, बराबर हाय." मग जरा वाकल्या आणि आवाज खाली आणून, म्हणजे त्यांच्या मानानं खाली, म्हणाल्या, "मॅडम, तुमी त्या दिवशी शेजारी बसल्या होत्या. लोक म्हणून राह्यले म्हातारीसाठी केलं. म्हातारी तर गेली होती. मला घर पाह्यजे होतं. अर्ज पिशवीत होता. मग मी सही काहून केली? तुमाला काही समजलं का?"

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली. मी तशीच उभी होते, तोंड उघडलं होतं पण शब्द काही आला नव्हता. सिस्टरांना वाटलं असावं की मी काहीतरी बोलले आणि इंजिनाच्या आवाजात ते विरून गेलं. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, कानामागं तळहात धरला, आणि गाडी स्टँडच्या फाटकातून वळून दिसेनाशी होईपर्यंत तो हात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिल्या.